ला गार्साची रिकामी सम

१

माझ्याच घरात रेडिओ लावायची मला चोरी झाली होती, आणि ती माझा भाचा गास्पार याच्यामुळे. आई जिवंत होती तोवर यानं कधी तिचं नाव काढलं नाही. दुसऱ्या कोणी काढलं तर ताटावरून उठून जायचा. आणि ती तिकडे जपानात वारल्याची बातमी आली तसा याला आईचा पुळका आला. दाढी वाढवली. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवली. पिंजऱ्यातल्या पाखरानं गाऊ नये म्हणून त्याच्यावरसुद्धा काळं फडकं टाकलं. गल्लीत कोणाचं बारसं असलं आणि चार टाळ्या वाजल्या, की हा दारात उभा: "माझी आई गेलीय." अरे, तुझी आई गेली तशी माझी बहीणही गेली की! आम्ही गितानो, म्हणजे स्पेनमधले जिप्सी, मेलेल्यांचा शोक कडक पाळतो, मीही पाळला. पण शोक कधी बसवायचा नि कधी उठवायचा हे घरातली थोरली बाई ठरवते. दाढीवाला भाचा नाही.

माझी बहीण एन्कार्ना. मान लांब, चाल उंच, म्हणून आमच्या हेरेस शहरात तिला 'ला गार्सा' म्हणत, म्हणजे बगळी. गास्पार शाळेत जायला लागला त्या सुमारास ती एका नाचाच्या कंपनीबरोबर जपानात कोबेला गेली आणि परत आलीच नाही. पोरगा माझ्या पदरात. तिकडे तिनं फ्लामेंकोची, आमच्या नाचगाण्याची, शाळा काढली. त्या शहरात तिच्याआधी हे कोणी केलं नव्हतं. इकडे आमच्या सान्तियागो वस्तीत लोक म्हणायचे, "परक्यांपुढे कंबर हलवते ती. नाच तर केव्हाच समुद्रात बुडाला तिचा." मी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे सोडून दिलं असं नव्हे. कोण काय म्हणालं ते एकूण एक माझ्यापाशी जमा आहे.

आणि यंदाच्या मे महिन्यात तिची शिष्या चिझुरु आली, हातात एक व्हिडिओ कॅसेट घेऊन. भूकंपात एन्कार्नाची शाळा जळाली, त्यातून वाचलेली ही एकुलती एक कॅसेट. तिच्यात एन्कार्नाची सोलेआ होती, अख्खी. सोलेआ हा आमचा सगळ्यांत जड नाच. त्यात लपायला जागा नसते. ज्याला येतं त्याला येतं, बाकीच्यांनी घरी बसावं. शनिवारी आमच्या गल्लीच्या फ्लामेंको मंडळात, सगळ्या वस्तीदेखत ती लावायची होती. ज्यांनी ज्यांनी माझ्या बहिणीला नावं ठेवली त्यांना मी पहिल्या रांगेत बसवणार होते.

गुरुवारी संध्याकाळी मंडळाचं दार उघडलं, तर यंत्रात कॅसेट नव्हती.

२

जपानी कॅसेट आमच्या साध्या यंत्रांत लावली की नुसते पट्टे दिसतात. म्हणून मंडळाचे अध्यक्ष लेआंद्रोसाहेब यांनी कादिस शहरातून एक निराळं यंत्र मागून आणलं होतं. त्याच दिवशी सकाळी चिझुरुनं स्वतःच्या हातानं कॅसेट आत घातली, चित्र दिसतंय का एवढं बघितलं आणि बंद केली. पडद्यावर एन्कार्ना नुसती उभी होती, पाऊल उचललं नव्हतं. तेव्हा खोलीत मी होते, अध्यक्ष होते, माझी नात तोमासा होती. गास्पार दारापर्यंत आला, पडद्यावर आई दिसताच तोंड फिरवून निघून गेला. मंडळाची किल्ली समोरच्या बारमध्ये खिळ्याला टांगलेली असते. कुत्र्यालाही उडी मारून घेता येईल.

मी यंत्रावर हात ठेवला. गरम होतं.

"म्हणजे दुपारी," मी म्हणाले. दुपारी जेवणं झाली की हेरेस झोपतं. तेव्हा रस्त्यावरून हत्ती नेला तरी कोणाला कळायचं नाही.

"तिया बास्तियाना, पोलिसांना बोलवू या," लेआंद्रोसाहेब म्हणाले. तिया म्हणजे मावशी; सगळी वस्ती मला तसंच म्हणते.

"बोलवा की. ते आमचीच चार पोरं धरून नेतील. मग सोडवायला तुम्ही जा."

मी खोलीभर नजर फिरवली. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. एकच ओढून टीव्हीपुढे आणली होती, तीही इतकी जवळ की बसणाऱ्याचे गुडघे काचेला टेकावेत. आवाजाचं बटण सकाळी चिझुरुनं मोठं करून ठेवलं होतं. ते आता अगदी खाली होतं.

"ज्याच्या हातानं हे झालंय तो हात मी शोधणार," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि सापडला की त्याच्यावर फुंकर घालणार नाही."

लेआंद्रोसाहेब खाकरले. "रागावू नका, तिया. एक बोलू? कॅसेटमध्ये सोलेआ आहे हे आपल्याला कोणी सांगितलं? चिझुरुबाईंनी. आपण काय पाहिलं? एक बाई उभी आहे. बस्स. नाच कोणी पाहिलाय?"

मंडळाच्या खोलीतली सगळी डोकी चिझुरुकडे वळली.

३

मी तिला हाताला धरून माझ्या स्वयंपाकघरात आणलं. चिझुरु आमची भाषा बोलते ती एन्कार्नाकडून शिकलेली. त्यामुळे तिच्या तोंडात आमच्या लहानपणच्या शिव्या आहेत. त्या आता गल्लीतही कोणी देत नाही.

"जळो त्या टकल्याचं तोंड," ती म्हणाली. "मुडदा बसवला मेल्याचा."

"ते बसवू सावकाश. शनिवारी तू नाचून दाखव ना. तुला येते ना तिची सोलेआ?"

"तिया, मला येते म्हणूनच भीती वाटते. फीत असती तर लोकांनी आधी तिला पाहिलं असतं. आता मी नाचले तर म्हणतील, जपानीण चुकली."

"का चुकली म्हणतील?"

तिनं माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरला. सोलेआचं आवर्तन फिरत फिरत समेला येतं, आणि समेवर सगळं हेरेस एकदम आपटतं. टाच, टाळी, गिटार, जे असेल ते. आईच्या पोटातलं पोरसुद्धा तिथे लाथ मारतं. चिझुरुचं बोट समेवर आलं, आणि खाली पडलंच नाही. हवेत राहिलं. मग सम निघून गेल्यावर, शांतपणे, बोट टेकलं.

"तिसऱ्या कडव्यात," ती म्हणाली. "एकदाच. आधी काही खूण नाही, चेहऱ्यावर नाही, हातात नाही. तिथे ती सम रिकामी सोडायची. मी विचारलं, का? म्हणाली, घरची माणसं तिथे दाद देत ओरडायची, ती जागा त्यांच्यासाठी ठेवलीय."

मी तोंड फिरवून कॉफीचं भांडं उगाच घासलं.

"हे इथे कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"मग गप्प राहा," मी म्हणाले, आणि शाल घेऊन बाहेर पडले.

आधी अध्यक्ष. मंडळाच्या पुस्तकात यांनी एकदा लिहिलं होतं की ला गार्सा समुद्रापलीकडे गेली आणि तिचा नाच अलीकडेच राहिला. मला वाचता येत नाही फारसं, पण ते वाक्य मी तिघांकडून वाचून घेतलं होतं.

"मी तेव्हा तरुण होतो, तिया."

"तरुण? तेव्हाच टक्कल पडलं होतं तुम्हाला."

ते लाल झाले. "मान्य. फीत चांगली निघाली असती तर मला चारचौघांत शब्द गिळावे लागले असते. पण मग मी कादिसला खेटे घालून ते यंत्र कशाला आणलं असतं? मिळत नाही म्हणालो असतो, की संपलं. तुम्ही काय करणार होतात?"

म्हणणं बरोबर होतं. मला ते आवडलं नाही.

मग तोमासा. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. शनिवारी गार्साच्या नावानं हीच नाचायची होती, तोवर चिझुरु आली.

"मला आनंद झाला, आजी. घे, बोलले. आता ती कुठून कुठून येऊन आम्हाला सोलेआ शिकवणार?"

"दुपारी कुठे होतीस?"

"झोपले होते."

"एकटी?"

"आजी!"

"विचारलं तेवढं सांग."

तिनं चिमटा तोंडात धरला आणि तिचे कान लाल झाले. मी ओळखलं कोण ते. गवंड्याचा मुलगा. त्याचं नंतर बघू.

"आणि हे बघ," ती चिमटा काढून म्हणाली, "ती नाचलीय कशी हे मला बघायचं होतं. मला तिच्याहून चांगलं नाचायचंय. न बघता कशी नाचू?"

शेवटी गास्पार. शेजारच्या त्याच्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता, काळ्या कपड्यांत, घामानं निथळत.

"दुपारी काय करत होतास?"

"आईसाठी जपमाळ ओढत होतो."

"तू? देवाचं आणि तुझं बोलणं कधी सुरू झालं?"

"मावशी, मेलेल्या आईवरून चेष्टा नको." तो उभा राहिला. "मी काय म्हणून ती फीत बघेन? शोकात पडदा बघतात का? माझ्या मेलेल्यांची शपथ, माझ्या मेलेल्यांपैकी कोणाचाही नाच मी त्या यंत्रात पाहिलेला नाही."

आमच्यात देवाची खोटी शपथ घेणारे पुष्कळ आहेत, देवाला सवय आहे. पण मेलेल्यांची शपथ कोणी खोटी घेत नाही. खोटी घेतलेला माणूस मी तरी अजून पाहिला नव्हता.

म्हणजे गास्पार सुटला. आणि माझ्या हातात एकही चोर उरला नाही.

४

रात्री मला झोप लागली. राग आला की मला चांगली झोप लागते. सकाळी मटार सोलताना डोकं चालू लागलं.

फीत नको असेल तर माणूस काय करतो? यंत्रातून काढतो, शालीत लपवतो, चालू लागतो. खुर्ची कशाला ओढेल? यंत्र तापेपर्यंत कशाला बसेल? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बारीक केला, आणि बारीक आवाज ऐकू यावा म्हणून काचेला गुडघे लावून बसला. याला नुसतं बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. चिझुरुनं तो नाच शेकडो वेळा पाहिलाय, तिला चोरून ऐकायची काय गरज? ती सुटली.

ज्यानं नेली, त्यानं आधी ती सोलेआ ऐकली. आणि आमच्या वस्तीतल्या माणसाच्या कानात एकदा ठेका शिरला की तो पाण्यानं धुता येत नाही नि दारूनंही नाही.

मी मटार तसेच टाकले आणि चौघांना निरोप धाडला: जेवणाआधी माझ्या अंगणात या. चिझुरु नाचून दाखवेल, मग शनिवारचं काय ते ठरवू.

सगळे आले. गास्पारही आला, पण रिकाम्या हातानं.

"गिटार कुठाय?"

"मावशी, शोक आहे."

"होता. मी बसवला होता, मी उठवला. आत्ता, या क्षणी. तोमासा, जा, मामाच्या घरातून गिटार घेऊन ये. आणि पाखरावरचं फडकं काढून ये, बिचारं गुदमरलं असेल."

"वर्षही धड झालं नाही—"

"या घरात थोरलं कोण? तू की मी?"

लेआंद्रोसाहेबांसमोर, तोमासासमोर त्याला 'तू' म्हणणं शक्य नव्हतं. त्यानं तारा जुळवल्या. मग खुर्ची उचलली आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसला.

"वाजवतो. पण त्या बाईकडे बघणार नाही."

"नको बघूस," मी म्हणाले. "तुझे डोळे मला नकोतच."

५

मी गायले. आता आवाज उरलेला नाही, पण जो उरलाय तो सोलेआला पुरतो. तोमासा टाळ्या देत होती. लेआंद्रोसाहेब काठीनं फरशीवर ठेका धरत होते, आणि कबूल करते, बरोबर धरत होते. चिझुरु अंगणाच्या मधोमध आली आणि तिनं मान वर केली. मला क्षणभर माझी बहीणच दिसली. पण तो विषय वेगळा.

पहिलं कडवं. समेवर टाच, टाळी, काठी, गिटार. दुसरं कडवं, तसंच. तोमासाचा चेहरा हळूहळू बदलत चालला होता. शत्रू चांगला निघाला की नाचणारीचा होतो तसा.

तिसरं कडवं. आवर्तन फिरलं. आत कुठे खड्डा आहे ते मला ठाऊक होतं, आणि मी ठरवून, पूर्ण ताकदीनं, त्या खड्ड्यात टाळी टाकली, कोणाला माझ्यावरून कळू नये म्हणून. तोमासाची टाळी माझ्याबरोबर पडली. काठी फरशीवर आपटली.

चिझुरुची टाच हवेत होती.

आणि गिटार नव्हती. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचा पंजा तारांवर आडवा पडला होता, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. सम निघून गेली. मग टाच टेकली, आणि बरोबर तिच्याबरोबर, पाठीमागे काय चाललंय ते न बघता, त्याचा अंगठा तारेवर उतरला.

मी गाणं तोडलं.

"ही चुकली!" तोमासा ओरडली. "समेवर पाय टाकलाच नाही, आजी, बघितलंस ना?" मग ती थबकली. तिनं गिटारीकडे बघितलं. "पण... मामा पण थांबला."

गास्पार अजून भिंतीकडेच बघत होता.

६

"वळ," मी म्हणाले.

तो वळला. दाढीतूनही दिसत होतं की ओठ पांढरे पडलेत.

"योगायोग, मावशी. हात अडकला."

"बरोबर जिथे तिचा पाय अडकला तिथे? पाठमोरा? चोरा, तुला एवढंच करायचं होतं, एकदा चुकायचं. आम्ही तिघं आपटलो तसा आपटला असतास तर मरेपर्यंत कोणाला कळलं नसतं. पण तुला लयीबाहेर जाता आलं नाही."

"जीव गेला तरी जाता येणार नाही," तो हळूच म्हणाला. त्यात थोडी ऐटही होती, मेल्याच्या.

"आणि मेलेल्यांची शपथ?" माझा आवाज चढला. "तुझ्या तोंडात किडे पडले नाहीत?"

"शपथ खरी होती." आता तो माझ्या डोळ्यांत बघत होता. "माझ्या मेलेल्यांपैकी कोणाचा नाच मी पाहिला नाही. ती माझ्या मेलेल्यांत नाही. कधीच नव्हती."

लेआंद्रोसाहेबांनी छातीवर क्रूस काढला.

"मग ही दाढी कोणासाठी वाढवलीस?"

"लोकांसाठी! लोकांना कळावं की ती मेली, संपली. वर्षानुवर्षं लोक म्हणाले ती कंबर हलवते, मला बरं वाटायचं. मला सोडून गेली ती त्यासाठीच, असं मनाशी म्हणत झोपायचो. फीतही तेवढ्यासाठीच लावली. वाईट नाचत असेल, हसू, परत ठेवून देऊ, शनिवारी सगळं गाव हसेल." त्याचा आवाज फुटला. "ती चांगली नाचते, मावशी. माझ्याशिवाय, इतकी चांगली! आणि त्या जागी थांबते, आणि त्या थांबण्यात मी कुठेच नाही. पुन्हा लावली. पुन्हा नाही. मग मी फीत ओढून काढली आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळली. तिनं मला टाकलं, तिचं मी काय म्हणून ठेवू?"

चिझुरु खाली बसली. एन्कार्नाच्या शिव्यांपैकी एकही तिला सुचली नाही.

तोमासा म्हणाली, "आजी, तो रडतोय."

"रडू दे. त्याला येतं ते." मी उठून त्याच्यापुढे उभी राहिले. त्यानं वाट बघितली की मी त्याला जवळ घेईन. लहानपणी घ्यायची तशी. मी हात मागे बांधले.

"ऐक, गास्पार, आणि तुम्ही सगळे ऐका, कारण हे मी दुसऱ्यांदा बोलणार नाही. सूड घ्यायचा तुला हक्क होता. विमानं होती, टेलिफोन होता. तिच्या दारात जाऊन तिच्या तोंडावर थुंकायचं म्हणाला असतास, तर तुझी बॅग मी भरून दिली असती. ती जिवंत असेपर्यंत तू गप्प बसलास, आणि ती मेल्यावर तिचे पाय तोडलेस. हा सूड नव्हे, ही भेकडाची करणी आहे. उद्या मंडळात तू सगळ्या वस्तीपुढे वाजवायला बसशील, चिझुरुकडे तोंड करून. ती सम सोडेल, लोक ओरडतील की जपानीण चुकली, तेव्हा तू उभा राहशील आणि म्हणशील: चुकली नाही, हे माझ्या आईचं आहे, मी पाहिलंय आणि मीच जाळलंय. 'माझी आई' असंच म्हणायचं, तोंड वेडंवाकडं न करता. फीत गेली, आता साक्ष तूच. आणि ते झालं की गिटार पेटीत घाल. यापुढे या वस्तीत लग्न असो, बारसं असो, तू तारेला हात लावलास की आम्ही आमचे हात मांडीखाली ठेवू. एक टाळी मिळणार नाही तुला, माझी नाही, माझ्या नातवंडांची नाही. आणि मी मरेन तेव्हा दारातूनसुद्धा डोकावू नकोस. तुझ्या मेलेल्यांत मला धरू नकोस."